अठराव्या वर्षानंतर काय?

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचा वडील भाऊ रोज सायंकाळीं शाळा सुटण्याच्या वेळीं त्यास न्यावयास फाटकापाशीं येतो. वय एकवीस-बावीस वर्षांचें असेल. परंतु लहानपणापासून बुद्धीची वाढ मंद असल्यामुळें वाचन व हिशेब त्यास साधले नाहींत. घंटेची वेळ मात्र तो कधीं चुकवीत नाहीं, आणि धाकट्याचें दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतल्यावांचून परतत नाहीं. गेल्या वर्षीं त्याच्या मातोश्री आम्हांस भेटावयास आल्या होत्या. धाकट्याच्या अभ्यासाविषयीं बोलणें झाल्यावर जातां जातां त्यांनीं विचारिलें, "सर, हा शिकून आपल्या मार्गाला लागेल. पण थोरल्यानें दिवसभर करायचें काय? आणि आमच्या मागें त्याचें कोण?" ह्या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें लिहीत आहों, तो त्या उत्तराचाच प्रयत्न होय.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी ह्या अवस्था बाल्यावस्थेंत सुरू होतात व बहुधा जन्मभर राहतात. २०११ च्या खानेसुमारींत बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारें १५ लक्ष व्यक्ति देशांत नोंदल्या गेल्या. अवस्था जन्मभराची, तर साहाय्यही जन्मभराचें हवें, हें कोणासही पटेल.

आपल्या देशांत ह्याबाबत कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९४४ सालीं मुंबईंत वकील दांपत्यानें जय ह्या आपल्या कन्येच्या निमित्तानें एक शाळा काढिली. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. पुढें १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि त्या न्यासास १०० कोटी रुपयांचा मूळ निधि मिळाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या, आणि ४० टक्के वा अधिक अक्षमता असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षें वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हें सर्व स्तुत्य आहे.

परंतु ह्या हक्काची मर्यादाही त्याच वाक्यांत आहे. अठरा वर्षें पुरीं झालीं, की शाळेचें दार मागें पडतें. त्यापुढें दिवसाचें केंद्र, हातकामाचें शिक्षण, आईबापांच्या मागें राहण्याची सोय, ह्या गोष्टी योजना येतील तशा व संस्थांच्या ऐपतीप्रमाणें मिळतात. आणि अशा संस्था शहरांत थोड्या, खेड्यांत त्याहून थोड्या. ज्या वयांत इतर तरुण घराबाहेर पडतात, त्याच वयांत हा तरुण घरांत कायमचा बसतो. शाळेंत शिकलेलें थोडेंबहुतही मग विसरलें जातें.

ह्यावांचून दुसरा मार्गच नाहीं काय? अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. तेथें पूर्वीं अशा मुलांस घरापासून दूर, मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांत ठेवीत, आणि तेथेंही जागेसाठीं वाट पाहावी लागे. आईबापांनीं ह्याविरुद्ध आवाज उठविला. १९६६ सालीं प्रथम दोन केंद्रें निघालीं. १९६९ सालीं फ्रँक लँटरमन ह्या विधानसभासदाच्या पुढाकारानें कायदा झाला. आज तेथें अशीं २१ केंद्रें आहेत. तीं ना-नफा संस्था चालवितात व पैसा सरकार पुरवितें. व्यक्तीस काय हवें, तें तिच्याशीं व तिच्या कुटुंबाशीं बोलून ठरवावयाचें, आणि तें शक्यतों तिच्या घराजवळच मिळवून द्यावयाचें, असा तेथील क्रम आहे. तेथेंही उणीवा आहेतच. तथापि अठराव्या वर्षीं हात सोडावयाचा नाहीं, हें तत्त्व आपण घेण्याजोगें आहे.

कोणी म्हणेल, हा खर्च सरकारनें कां सोसावा? धर्मादाय संस्था आहेत ना? ह्यावर आम्ही पालकांस एकच विचारूं. आपल्या ह्या शाळेंतील शिक्षकांचें वेतन सरकारी अनुदानांतून मिळतें. आपल्या हुशार मुलामागें सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्यास आपण कधीं भीक म्हटलें आहे काय? धाकट्याचें शिक्षण जर हक्क, तर थोरल्याचें केंद्र उपकार कसें? दोघांच्या आईबापांनीं कर सारखाच भरलेला असतो. शिवाय देणगी ही देणाऱ्याच्या मनावर असते. ह्या वर्षीं आली, पुढच्या वर्षीं येईलच असें नाहीं. पन्नास वर्षांची जबाबदारी तिच्यावर टाकतां येत नाहीं.

पैसा मुळींच नाहीं, असेंही नव्हे. ग्रामपंचायतींनीं आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठीं खर्च करावी, असा महाराष्ट्र शासनाचा आदेश आहे. एका गांवाचा हा वांटा लहान असेल. परंतु पांच-दहा गांवें एकत्र आलीं, तर त्यांस मिळून दिवसाचें एक केंद्र चालविण्याचा विचार कां करतां येऊं नये? गेल्या वर्षीं हे ५ टक्के कोठें गेले, एवढा प्रश्न तरी पालकांनीं ग्रामसभेंत उभें राहून अवश्य विचारावा.

ज्या घरीं असें मूल आहे, त्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मूल अठरा वर्षांचें झालें, की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहींत. १९९९ च्या कायद्याप्रमाणें जिल्ह्यांत स्थानिक समिति असते व तींत जिल्हाधिकारी असतात. तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो. आपण हयात असतांनाच हें काम करावें. 'आमच्या मागें कोण?' ह्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर कागदावर तरी येतें. उरलेलें अर्धें समाजानें द्यावयाचें आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आमचें सांगणें थोडकें आहे. तुमच्यांतील कांहींजण उद्यां ग्रामपंचायतींत, नगरपालिकेंत, कचेऱ्यांत बसतील. तेव्हां हा लेख आठवा. आज मात्र एवढेंच करा. सायंकाळीं तो तरुण फाटकापाशीं उभा असेल. त्यास वेडावूं नका, आणि नुसतें टाळूनही जाऊं नका. त्याचें नांव विचारून घ्या, आणि त्या नांवानें त्यास हांक मारा.