निवांत सहल

दिवाळी जवळ आली की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन विषयांना ऊत येतो. एक थकलेल्या महागाई भत्त्याचा आणि दुसरा सुट्टीत कुठे जायचे याचा. पहिल्यावर सर्वांचे एकमत असते. दुसऱ्यावर कधीच नसते. यंदा भूगोलाच्या सहकाऱ्यांनी एकदम गॅम्बियाचे नाव काढले. कुणा प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक त्यांच्या हाती आले होते. "वन्यप्राणी, नदीतली सफर आणि ऐतिहासिक वारसा, सारे काही अगदी निवांत!" असे त्यांनी आम्हांला मोठ्याने वाचून दाखवले. संस्कृतच्या बाईंनी चष्मा पुसत विचारले, "हे गॅम्बिया अक्कलकोटच्या पुढे का हो?"

देश मोठा गमतीचा आहे, हे मात्र खरे. पश्चिम आफ्रिकेतला हा देश म्हणजे त्या खंडाच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत लहान देश. एक नदी आणि तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी, एवढाच त्याचा संसार. लांबी तीनशे किलोमीटरांच्या वर; रुंदी मात्र पन्नासच्या पुढे जायची नाही. एका बाजूला समुद्र आणि बाकी तिन्ही बाजूंनी सेनेगल. युरोपातली माणसे थंडी चुकवायला तिकडे जातात, कारण एवढ्याशा जागेत पाचशेहून अधिक जातींचे पक्षी दिसतात. नदीत पाणघोडे आहेत आणि नदीतल्या काही बेटांवर चिंपांझी मोकळे हिंडतात. वासू नावाच्या गावी जांभ्या दगडाच्या खांबांची जुनी वर्तुळे आहेत. ती कुणी उभारली ते नक्की ठाऊक नाही. येणारा जाणारा त्या खांबांवर एक लहानसा दगड ठेवून पुढे जातो.

पण त्या पत्रकातली नदीची सफर शेवटी जाते कुठे? समुद्राकडच्या पात्रात लाटांनी झिजत चाललेले एक बेट आहे, तिथे. पूर्वी त्याला जेम्स आयलंड म्हणत. २०११ साली त्याचे नाव कुंटा किंटे बेट असे ठेवले गेले. ॲलेक्स हॅले यांच्या 'रूट्स' या १९७६ सालच्या प्रसिद्ध पुस्तकातला नायक तो हाच कुंटा किंटे. या बेटावरच्या किल्ल्यात माणसे कोंडून ठेवीत आणि तिथून जहाजात भरून अमेरिकेकडे गुलाम म्हणून नेत. २००३ पासून हे बेट जागतिक वारसा आहे. म्हणजे सकाळी बगळे पाहत निघालेला प्रवासी दुपारी त्या पडक्या भिंतींशी येऊन उभा राहतो. त्याच्या निवांतपणाचे तिथे काय होत असेल, हे पत्रकात छापलेले नव्हते.

मी सहकाऱ्यांना म्हणाले, "सर, पत्रक झकास आहे. फक्त नदीचे नाव बदला आणि भीमा लिहा. पासपोर्टचा खर्च वाचेल."

ते हसले. मी मात्र थट्टा करीत नव्हते. वन्यप्राणी, नदी आणि वारसा ही तिन्ही कलमे सोलापूरकराला दोन-तीन दिवसांत उरकता येतात, आणि गॅम्बियातल्याप्रमाणेच इथेही प्रत्येक कलमाखाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेले असते.

पहिले कलम नान्नजचे. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की हे गाव लागते. थंडीत, हुरड्याच्या दिवसांत, पहाटे तिथल्या माळावर उभे राहावे. गुडघाभर वाळके गवत, वर मोकळे आभाळ आणि त्या दोहोंच्या मध्ये काळविटांचा कळप. नराची पिळदार शिंगे उन्हात चमकतात. नशीब असेल तर लांडगाही दिसतो. चंडोल तर डोक्यावर गात असतोच.

पण नान्नजचे नाव झाले ते माळढोकामुळे. मीटरभर उंच, भरलेला नर बारा-पंधरा किलोंचा. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे जड पक्षी जगात फार थोडे. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून माळावर मिरवतो आणि त्याचा घुमारा दूरवर ऐकू जातो. डॉ. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचेच नाव सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ साली अभयारण्य झाले. कागदावर ते केवढे? तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली शेते, गावे, बाजारपेठा सगळी त्यात आली. जमिनीच्या व्यवहाराला परवानगी मिळेना, तेव्हा शेतकरी वैतागला आणि त्याचा राग पक्ष्यावर निघाला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले.

तोवर पक्षी मात्र जवळजवळ संपला. आज जगात माळढोक उरले आहेत दीडशेच्या आतबाहेर, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात. तिथे जैसलमेरकडे २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचा प्रयोग चालला आहे आणि त्याला यशही येत आहे. आमच्या नान्नजला मात्र एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्याने ते फोडले की त्या विणीचा संसार आटोपला. शिवाय या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. जड अंगाने उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो.

मी भाषेची मास्तरीण, तेव्हा मला या शोकांतिकेत एका शब्दाचाही हात दिसतो. तो शब्द 'पडीक'. माळाला आपण पडीक म्हणतो, उजाड म्हणतो. एकदा जमीन पडीक ठरली की तिचे भले करायला सगळे धावतात. कुणी तिथे झाडे लावतो, कुणी नांगर घालतो, कुणी पाणी आणून ऊस करतो. झाडे लावणे हे पुण्यकर्म खरे, पण दूरवर नजर टाकून जगणाऱ्या माळढोकाला त्या झाडांची अडचणच होते. धनगराला विचारा, तो माळाला पडीक म्हणायचा नाही. त्याची मेंढरे त्यावर जगतात.

दुसरे कलम नदीचे. सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागले की टेंभुर्णीजवळ उजनी धरण आणि त्याच्या वरच्या अंगाला, इंदापूर तालुक्यात, भिगवण. १९८० च्या सुमारास धरण पुरे झाले आणि भीमेचा एक भलाथोरला जलाशय बनला. ११७ टीएमसी पाणी पोटात घेणारा. या पाण्याने आमच्या दुष्काळी जिल्ह्याचा कायापालट केला, हे नाकारणारा कृतघ्न ठरेल. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर आज राज्यात पुढे आहे. माळावर नांगर फिरला तो बराचसा याच पाण्याच्या भरवशावर. आणि याच पाण्याच्या काठच्या चिखलात रोहित पक्ष्यांना चारा मिळाला. एका पक्ष्याचे घर गेले, दुसऱ्याची खाणावळ उघडली!

थंडीत भिगवण-कुंभारगावच्या बाजूला मच्छीमारांच्या होड्या पाहुण्यांना घेऊन निघतात. गुलाबी पायांचे रोहित चिखलात उलटी चोच घालून पाणी गाळीत असतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस धुक्यात बसलेले दिसतात. होडीवाल्यांची मुले पक्ष्यांची नावे मराठीत, इंग्रजीत आणि शास्त्रीय लॅटिनमध्येही सांगतात. बी.ए.च्या वर्गात एवढे पाठांतर मला मिळते तर!

दोन वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो. त्यांचे माहेर याच पाण्याखाली आहे. लग्न होऊन त्या सोलापूरला आल्या आणि काही वर्षांत गाव उठले. भावांना दुसरीकडे जमीन मिळाली. होडीत आम्ही सगळे माना वर करून रोहितांचा थवा पाहत होतो. माझा मुलगा म्हणाला, "आज्जी, वर बघ ना!" त्या मात्र होडीच्या कडेला हात ठेवून खाली पाण्यात पाहत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही पक्षी बघा रे. मी आमचा आड कुठं आला ते बघते." मग त्यांनी होडीवाल्याला विचारले, "बाबा, हितं किती पाणी?" तो म्हणाला, "आज्जी, आत्ता चार परस असंल." त्यांनी मान हलवली. चार परस म्हणजे आडापेक्षा जास्त की कमी, याचा त्या हिशेब करीत असाव्यात.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ वर येते. मग विस्थापितांची नातवंडे गाड्या काढून ते पाहायला जातात. फोटो काढतात, पाया पडतात. पावसाळ्यात देऊळ पुन्हा पाण्यात जाते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जलाशयाने नदी रुंद केली तेव्हा समोरासमोरची गावे एकमेकांना दुरावली. त्यांना होडी ही सफर नव्हे, रोजची वाट आहे. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. पाहुणा वारा पाहून होडीत चढायचे की नाही ते ठरवतो. कामाला निघालेल्या माणसाला ती सोय क्वचितच असते.

तिसरे कलम वारशाचे. उजनीखाली भीमा पंढरपुरात येते, चंद्रभागा होते आणि वारकऱ्यांचे पाय धुऊन पुढे निघते. तिथे पुंडलिकाच्या देवळापासून होडीत बसून विष्णुपदापर्यंत जावे. याहून जुना नौकाविहार महाराष्ट्रात दुसरा कुठला असेल? पुढे मंगळवेढा तालुक्यात माचणूर-ब्रह्मपुरी. दिल्लीचा बादशहा औरंगजेब १६९५ पासून सुमारे चार वर्षे या नदीकाठी तळ ठोकून बसला होता. आज तिथे सिद्धेश्वराच्या घाटावर पोरे पोहतात.

पण माझा जीव अडकतो तो त्याच्याही पुढे, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलला. इथे सीना भीमेला मिळते. पलीकडच्या काठावर कर्नाटक. अलीकडे मराठी बोलणारा माणूस कानडीत हसतो आणि पलीकडचा कानडी माणूस मराठीत भाव करतो. संगमावर चालुक्यकाळातली दोन देवळे आहेत. हरिहरेश्वराचे देऊळ तर नव्वदच्या दशकापर्यंत मातीच्या ढिगात गाडलेले होते. ढीग उकरल्यावर एक असे शिवलिंग मिळाले की त्याच्यावर तीनशेहून अधिक मुखे कोरलेली आहेत.

दुसरे देऊळ संगमेश्वराचे. त्याच्या सभामंडपात मान वर करून तुळईकडे पाहावे. तिथे शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा एक छोटा लेख आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातले शिलालेख हुडकण्यात आयुष्य घालवले. त्यांच्यामुळे हा लेख अभ्यासकांपुढे आला. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा पहिला मराठी लेख म्हणून श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी बोट दाखवले जाई. पुढे अलिबागजवळच्या आक्षीचे नाव पुढे आले, आणि त्याच्या वाचनावरून पंडितांचे वाद झाले. कुडलचा लेख त्याच पहिल्या रांगेत बसतो. पहिला कोण, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. मला मोह आहे तो त्या लेखातल्या शेवटच्या मराठी वाक्याचा. त्याचा आशय एवढाच, की हे जो वाचील तो विजयी होईल.

आपल्याकडच्या जुन्या दानलेखांत शापच फार. हे मोडील त्याचे अमुक होईल, तमुक होईल. इथे हजार वर्षांपूर्वीचा कुणी माणूस वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन गेला आहे. तलवार चालवणाऱ्याला नव्हे, देऊळ बांधणाऱ्यालाही नव्हे, वाचणाऱ्याला. वर्गात हे सांगताना माझा आवाज दर वर्षी थोडा चढतो. मागच्या बाकावरची मुलेही त्या वेळी वर पाहतात.

आणि मला वाटते, सहलीलाही हेच लागू आहे. माळावर गवत दिसते, पाण्यात आभाळ दिसते, देवळात दगड दिसतो. पाहणे म्हणाल तर तेवढ्यावर संपते, फोटोही चांगले येतात. वाचायचे तर थांबावे लागते. गवत कुणाचे होते, पाण्याखाली कोण राहत होते, दगडावर काय लिहिले आहे, हे विचारावे लागते. निवांतपणा हवा तो एवढ्यासाठीच. घाईच्या माणसाला कुणी काही सांगत नाही. हे विचारल्याने सहलीची मजा जाते, असे मला कुणी म्हणाले होते. आमच्या सासूबाईंची तर गेली नाही. परतताना त्यांनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी अख्ख्या होडीला वाटली आणि गावच्या जत्रेच्या गोष्टी सांगून होडीवाल्याला हसवले.

तेव्हा वाचकहो, दिवाळीचा फराळ संपला की निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस तिन्ही ठिकाणांना चांगले. नान्नजला पहाटे जा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि मोठ्याने बोलू नका. कुडलला गेलात तर मुलांना तो लेख बोटाने दाखवा. उजनीवर होडीत बसलात, तर होडीवाल्याला पक्ष्यांची नावे विचाराच. पण एकदा गावांची नावेही विचारा. तो सांगेल. त्याला पाठ असतात.