गोळी दिली, कृमी गेले काय?

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ साली सुरू झाला. तेव्हापासून एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना अंगणवाड्यांतून व शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जात आहे. एवढ्या विशाल देशात एवढ्या मुलांच्या मुखी वेळेवर औषध पडावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. अंगणवाडी सेविका व शिक्षक यांच्या श्रमाचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु गोळ्या किती वाटल्या याचा हिशेब म्हणजे कृमी किती गेले याचा हिशेब नव्हे. पहिला हिशेब कागदोपत्री चोख ठेवला जातो. दुसरा नेमका मांडण्याचे साधन उपलब्ध असूनही आरोग्यखात्याच्या नित्य व्यवहारात त्याला स्थान मिळालेले नाही, ही आमची तक्रार आहे.

कृमींची गणना आजही मुख्यतः सूक्ष्मदर्शकावर चालते. काटो आणि काट्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत शौचाचा अवघा ४१.७ मिलिग्रॅम नमुना काचपट्टीवर पसरून त्यातील अंडी मोजतात. जेथे पोटे कृमींनी भरलेली असतात, तेथे ही स्वस्त पद्धत उत्तम काम देते. परंतु वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर पोटात मोजकेच कृमी उरतात, अंडी विरळ होतात, आणि चिमूटभर नमुन्यात ती सापडतीलच असा भरवसा राहत नाही. अंकुशकृमीची अंडी तर काचपट्टी तयार केल्यावर तासाभरात पाहिली नाहीत तर दिसेनाशी होतात. म्हणजे मोहीम जसजशी यशस्वी व्हावी, तसतशी तिची दृष्टी मंद व्हावी, असा हा विचित्र प्रकार आहे.

कॅरी मलिस यांनी १९८३ साली शोधलेली आणि १९९३ च्या नोबेल पारितोषिकाने गौरविली गेलेली पीसीआर पद्धती येथेच उपयोगी पडते. कृमीच्या डीएनएचा अल्पसा अंश नमुन्यात असला, तरी त्याच्या असंख्य प्रती करून ती त्याचे अस्तित्व उघड करते. अंकुशकृमीच्या दोन प्रमुख जातींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसतात. ही पद्धत त्यांतील भेद सांगते. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या कृमीची अंडी शौचात सहसा येतच नाहीत, अळ्या येतात. त्यामुळे तो काचपट्टीवर निसटतो, आणि अल्बेंडाझोलच्या एका मात्रेला पुरती दादही देत नाही. अन्य व्याधीसाठी स्टेरॉइड सुरू केलेल्या रोग्याच्या शरीरात तोच कृमी बेसुमार वाढून प्राणावर बेतू शकतो. शिवाय, जनावरांतील कृमी या वर्गातील औषधांना पूर्वीच जुमानेनासे झाले आहेत. माणसांतील कृमी त्या वाटेने जाऊ लागल्यास त्याची चाहूल त्यांच्या जनुकांतील बदलांवरून लवकर घेता येईल.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. रायगडच्या दक्षिण टोकाला, सावित्रीच्या मुखाजवळ वसलेले हरिहरेश्वर घ्या. नारळी-पोफळीच्या वाड्यांतील ओलसर, सावलीची, रेताड माती अंकुशकृमीच्या अळीला मानवणारी आहे. ही अळी अनवाणी पावलाच्या त्वचेतून शरीरात शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. वाडीत राबणारी गृहिणी शाळकरी वयाची नसल्यामुळे शाळेतील गोळी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. यांपैकी किती जणींचे रक्त आहारातील उणिवेने आटले आणि किती जणींचे कृमींनी प्याले, हे ओळखल्यावाचून केवळ लोहाच्या गोळ्या देत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील गिमवी गावी लघवीवाटे रक्त जाण्याचा शिस्टोसोमा कृमीचा विकार मूळ धरून असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली दाखवून दिले. हा रोग आफ्रिकेचा, आपला नव्हे, असे मानण्याची तोवरची प्रवृत्ती त्यामुळे खोटी ठरली. कोकणाने हा धडा विसरता कामा नये.

खर्चाचा आक्षेप निघेल, हे आम्ही जाणतो. पीसीआर काचपट्टीहून महाग आहे. पण प्रत्येक मुलाची तपासणी करा, असे आम्ही म्हणतच नाही. गोळी स्वस्त आहे, ती सर्वांना द्यावी. तपासणी निवडक गावांतील निवडक नमुन्यांची करावी. शितावरून भाताची परीक्षा होते. २०२० साली कोरोनाच्या संकटात पीसीआर प्रयोगशाळा ठिकठिकाणी उभ्या राहिल्या आणि माणसे शिकून तयार झाली. गोव्यात बनणारे, विजेरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र क्षयाच्या निदानासाठी ग्रामीण भागात पोहोचले. शौचातून डीएनए वेगळा काढणे अधिक किचकट आहे, हे मान्य. तथापि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने ‘डीवर्म-३’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तमिळनाडूतील वस्त्यांचे नमुने याच पद्धतीने तपासले आहेत. तेथे साधले ते येथे का साधू नये?

अर्थात डीएनए सापडला म्हणजे रोग जडलाच, असे नव्हे. आणि प्रयोगशाळांचे निकाल परस्परांशी जुळावेत यासाठी एकच प्रमाणपद्धती ठरवावी लागेल. हे काम परळच्या हाफकिन संस्थेने हाती घ्यावे, आणि अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने श्रीवर्धनच्या किनारपट्टीपासून नमुना-सर्वेक्षणास आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे. त्यात मुलांबरोबर प्रौढ स्त्री-पुरुषांचाही समावेश हवा. तपासणीने शौचालय, पादत्राण व शुद्ध पाणी यांची गरज संपत नाही. ती गरज कोठे अपुरी राहिली आहे, हे मात्र तपासणीच सांगेल. गोळ्या कोठे थांबवावयाच्या, कोठे चालू ठेवावयाच्या आणि कोठे औषध बदलावयाचे, हा निर्णय शासनाला आज ना उद्या घ्यावाच लागेल. तो अंदाजाने घेतला गेला, तर त्याची किंमत कोकणातील मुले आणि त्यांच्या माता आपल्या रक्ताने मोजतील.