गुलाबपाणी आणि 'काही अपाय नाही'

परवा पुतणसुनेचा फोन आला. "काकू, तुमची ती गुलाबपाण्याची कृती ब्लॉगवर टाका ना. आमच्या ग्रुपवर सगळ्याजणी मागतायत. आणि हो, फायदेही लिहा."

कृती लिहायला माझी ना नाही. बागेतल्या गावठी गुलाबांचं पाणी मी कित्येक वर्षं काढते आहे. पण 'फायदे' म्हटल्यावर मी जरा घुटमळले, तर बाईसाहेबांनी संध्याकाळी नमुन्यादाखल एक यादीच पाठवून दिली. चौदा फायदे! सुरकुत्या जातात, मुरुमं जातात, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, केस गळायचे थांबतात, चष्म्याचा नंबर उतरतो... आणि तळाशी लाल अक्षरांत : 'शंभर टक्के घरगुती, केमिकल-फ्री, काही अपाय नाही.'

मंडळी, ती यादी वाचून मला जो राग आला तो दोन दिवस गेला नाही, म्हणून हे लिहिते आहे. (सूनबाई, राग तुझ्यावर नाही गं. तूही ती कुठूनशी पुढे ढकललेली होतीस.)

मी काही विज्ञानाची शिक्षिका नव्हे, जन्मभर मराठी शिकवलं. तेव्हा आधी शब्दांबद्दलच बोलते. केमिकल म्हणजे रसायन. 'रसायन' हा आपल्याकडे केवढा मानाचा शब्द! आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एका अंगाचं ते नाव. च्यवनप्राशाला आपण रसायन म्हणतो. आणि आता 'यात रसायन नाही' ही फुशारकी झाली. अहो, गुलाबपाण्यात रसायन नसेल तर वास कसला येतो? त्या वासात फिनाइल-इथाइल अल्कोहोल नावाचं एक द्रव्य मोठ्या हिश्शाचं असतं, शिवाय जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल वगैरे मंडळी असतात. ती फुलातच तयार होतात, कुठल्या कारखान्यातून येत नाहीत, तरी कुणाकुणाच्या कातडीला खाज आणतात. म्हणून पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस थांबावं. एवढी साधी सूचना त्या चौदा फायद्यांच्या यादीत नव्हती.

शब्दाचाच विषय निघालाय तर आणखी एक गंमत. 'गुलाब' हा मुळात फारसी शब्द, गुल म्हणजे फूल नि आब म्हणजे पाणी. (पंजाबातला 'आब' तोच.) म्हणजे फारसीत गुलाब म्हणजेच गुलाबपाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला पुन्हा 'पाणी' जोडलं. हाच शब्द अरबीत जाऊन 'जुलाब' झाला आणि पोट साफ करणाऱ्या औषधाचं नाव होऊन आपल्याकडे आला. सकाळी अनशापोटी गुलाबपाणी पिण्याचा सल्ला देणाऱ्यांनी ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवावी. :)

असो. आता कृती.

नेटवर आणि आपल्या बायकांत जी कृती सर्रास फिरते ती अशी की पाकळ्या पाण्यात उकळा, पाणी गुलाबी झालं की गाळा आणि बाटलीत भरा. हा झाला काढा, याला गुलाबपाणी म्हणू नये. खरं गुलाबपाणी वाफेचं असतं आणि त्याला रंगच नसतो. रंग वाफेबरोबर वर येत नाही, तो पातेल्यातच राहतो. तेव्हा कुणी कौतुकाने गुलाबी बाटली पुढे केली तर ओळखावं की हा एकतर काढा आहे, नाहीतर रंग घातलेलं पाणी. काढ्यात पाकळीतली साखर, चोथा सगळं उतरतं, म्हणून तो दोन दिवसांत आंबतोसुद्धा.

कन्नौजला अजूनही जुन्या पद्धतीने काढतात. तांब्याचा मोठा डेग, त्याचं झाकण मातीने लिंपून बंद केलेलं, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या हौदात ठेवलेलं भांडं, ज्यात वाफ निवून जमा होते. फुलं उन्हं चढायच्या आत तोडतात, कारण ऊन लागलं की वास उडून जातो. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात म्हणे! जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत गुलाबाच्या अत्तराचं श्रेय आपल्या सासूला, म्हणजे नूरजहानच्या आईला दिलं आहे. जावयाने सासूचं कौतुक लिहून ठेवल्याची उदाहरणं इतिहासात फारशी नसावीत, म्हणून सांगितलं.

आपल्या घरात डेग नसतो, पण पातेलं असतं. जाड बुडाच्या पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी ठेवायची आणि तिच्यावर एक वाडगं सुलटं. भोवती धुतलेल्या पाकळ्या, आणि त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी. वर झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ बरोबर वाडग्याच्या वर खाली येते. झाकणावर बर्फ ठेवून आच मंद करायची. वाफ झाकणाला लागून निवते आणि मुठीवरून थेंब थेंब वाडग्यात पडते. बर्फ वितळला की कपड्याने टिपून घ्यायचा आणि दुसरा घालायचा. माझ्या पातेल्यात अर्ध्या-पाऊण तासात साधारण वाटीभर जमतं, तेवढ्यावर मी थांबते. पुढे येतं ते नुसतं पाणी, आणि खाली पाकळ्या करपायला लागल्या तर त्याचा वास वर येतो. बाटली उकळून कोरडी केलेली हवी. फ्रीजमध्ये ठेवायचं, आठ दिवसांत संपवायचं. गढूळ दिसलं किंवा वास बदलला तर झाडाला घालायचं, हळहळायचं नाही.

पाकळ्या कुठल्या, हेही महत्त्वाचं. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला आलेल्या गुच्छातले लाल गुलाब एका मैत्रिणीने उकळून तोंडाला लावले. ते गुलाब म्हणजे पॉलिहाऊसमधले, तळेगाव-मावळकडून येतात तसले. दिसायला राजस, वासाला शून्य! त्यांच्यावर कीड पडू नये म्हणून औषधं फवारलेली असतात, कारण ते फुलदाणीत ठेवण्यासाठी पिकवलेले असतात, कुणी खावेत-लावावेत म्हणून नाही. बाजारातल्या बाटलीतलं 'केमिकल' नको म्हणून ही बाई कीटकनाशकाचा काढा तोंडाला लावत होती.

बरं, याचा उपयोग काय? उन्हातून आल्यावर तोंडावर मारलं की बरं वाटतं. ते साध्या पाण्यानेही वाटतं, पण साध्या पाण्याला हा वास नाही. दिवाळीत उटणं भिजवायला मी हेच घेते. थंडीत हातपाय फुटले की ग्लिसरीनमध्ये मिसळून लावते. आता त्यात काम ग्लिसरीन करतं, हे मला माहीत आहे. रात्री उशीवर दोन थेंब शिंपडले की मला माहेरची लग्नं आठवतात, मांडवाच्या दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी असलेली मी, परकर-पोलक्यातली. मला ते आवडतं आणि मला एवढं पुरतं. आवडत्या गोष्टीला चौदा रोगांवरचं औषध ठरवल्याशिवाय ती करायचीच नाही, असा नियम कुणी केला?

आता जे सांगायला बसले ते सांगते. आतापर्यंत घरातल्या चारदोन माणसांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

२०१९ च्या फेब्रुवारीत बागेत फुलं भरपूर आली होती. मी गुलाबपाणी काढलं आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला छोट्या बाटल्या दिल्या. एक धाकट्या नणंदेला दिली. देताना म्हटलं, "वन्सं, घरचं आहे, कुठेही लावा, थंड वाटेल." हे माझेच शब्द. मार्चमध्ये वन्संचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं की डोळ्याला पाणीही लागू द्यायचं नाही, दिलेल्या थेंबांखेरीज काही घालायचं नाही. पण आठ-दहा दिवसांनी डोळा चुरचुरायला लागला आणि वन्संना ती बाटली आठवली. महिनाभर न्हाणीघरातल्या फळीवर उभी होती. त्यांनी दोन थेंब डोळ्यात घातले. बरं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशीही घातले.

तिसऱ्या दिवशी डोळा लालभडक, पापणी चिकटलेली, ठणका मस्तकात. डॉक्टरांनी विचारलं, काय घातलंत? तर म्हणाल्या, "काही नाही हो, घरचंच गुलाबपाणी. आमच्या वहिनींनी केलेलं." डॉक्टर म्हणाले, जंतू त्यातूनच आले असं मी शपथेवर सांगणार नाही, पण ताज्या जखमेवर उघड्या बाटलीतलं पाणी घालायला तुम्हाला कुणी सांगितलं? डोळा बरा व्हायला दोन महिने गेले. बुबुळावर फूल पडलं ते राहिलंच. त्या डोळ्याने आता त्यांना उजेड कळतो, माणूस ओळखू येत नाही.

वन्संनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट घरातली सगळी माझी समजूत घालत होती, "तुझी काय चूक? घरगुती वस्तू, तिने काय होतंय!" त्याच वाक्याने हे झालं आणि त्याच वाक्याने माझी समजूत घातली जात होती! मला तेव्हा रडूही आलं आणि चीडही.

"आमची आजी आमच्या डोळ्यांत घालायची, आम्हाला कुठे काय झालं?" असं लिहायला काही जण आत्ताच सरसावले असतील. माझीही आजी घालायची. मला काही झालं नाही, म्हणून मी आज हे सांगू शकते. ज्यांना झालं त्यांनी दैवाला बोल लावला आणि गप्प बसले. डोळ्यात घालायचं औषध निर्जंतुक करून बाटलीत भरतात, आणि ती बाटलीही फोडल्यावर महिन्याने टाकून द्यायची असते. माझ्या स्वयंपाकघरात ते होत नाही, तुमच्याही होत नाही. पातेलं कितीही घासलं तरी होत नाही. चष्म्याचा नंबर तर थेंबांनी उतरतच नाही, ते थेंब कसलेही असोत.

तेव्हा सूनबाई, कृती वर दिली आहे, ती ग्रुपवर पाठव. यादी पाठवू नकोस. आणि आधी कुणाला पाठवली असशील तर त्या प्रत्येकीला फोन कर. आपल्याकडे कुणाच्या ना कुणाच्या सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन चाललेलं असतंच.

यंदा वन्संनी पुन्हा बाटली मागितली. उशीवर शिंपडायला, म्हणाल्या. मी दिली, पण वर चिठ्ठी चिकटवून दिली : तारीख, 'फ्रीजमध्ये ठेवणे', 'आठ दिवसांत संपवणे', 'डोळ्यांत घालू नये'. त्यांनी ती चांगल्या डोळ्याजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, "वहिनी, अक्षर जरा मोठं काढत जा."