शिक्षक बदलला, संघ बदलला काय?

आमचें मुरुड म्हणजे समुद्रकांठचें, नारळीपोफळींचें मुरुड नव्हे. जंजिऱ्याचें तें वेगळें. हें लातूर-बार्शी रस्त्यावरचें, काळ्या मातीचें, सोयाबीन नि तुरीच्या भावावर ज्याची दिवाळी बरी कीं वाईट तें ठरतें, असें मुरुड. हा खुलासा प्रत्येक वेळीं करावा लागतो, कारण पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी येथें येण्यापूर्वीं भरती-ओहोटीची चौकशी करतात.

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं रात्रीच्या पंगतींत एक वाद निघाला व तो ताक वाढून झालें तरी मिटेना. आमचे दादा या भागांतील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहेत. संस्थेच्या महाविद्यालयाचा फुटबॉलचा संघ दोन वर्षें पहिल्याच फेरींत गारद झाला होता. त्याच्या आदल्या वर्षीं हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला होता, म्हणून आपटी अधिकच डोळ्यांत भरली. मंडळापुढें ठराव आला होता कीं, प्रशिक्षकांस निरोप द्यावा व नवा माणूस आणावा. प्रशिक्षक तुटपुंज्या मानधनावर राबणारे, घरीं दोन मुली शिकणाऱ्या. त्यांचा करार केवळ सही न केल्यानें संपणार होता. आमचा पुतण्या त्याच संघाचा गोलरक्षक. तो ताटावर मान घालून बसला होता. दादा म्हणाले, “फळ दिसत नाहीं तर झाड ठेवावें कशाला?” वहिनी वाढतां वाढतां म्हणाल्या, “झाड दोन वर्षांपूर्वीं फळलें होतें ना? मग मधल्या काळांत पाणी कोणी घातलें नाहीं, तें आधीं विचारा.”

मी आयुष्यभर गणित शिकविलें. त्यामुळें दोहोंची बाजू ऐकून घेतल्यावर मला हिशेब मांडून पाहण्याची इच्छा झाली. प्रशिक्षक बदलल्यानें संघ सुधारतो काय, हा प्रश्न कांहीं आमच्याच घरचा नव्हे.

ज्या देशांत महाविद्यालयीन फुटबॉल हें जवळजवळ राज्यकारभारासारखें चालतें, तो देश म्हणजे अमेरिका. तेथील फुटबॉल अर्थात् आपला नव्हे. चेंडू लांबट, नि तो पायापेक्षां हातांतच अधिक. परंतु अनेक संस्थानांत सरकारी तिजोरींतून किंवा विद्यापीठांतून सर्वांत मोठा पगार घेणारा गृहस्थ राज्यपाल नसून तेथील विद्यापीठाचा फुटबॉल-प्रशिक्षक असतो, यावरून त्या खेळाचें प्रस्थ ध्यानांत यावें. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानें २०२३ च्या नोव्हेंबरांत जिंबो फिशर यांस मुदतीपूर्वीं घरीं पाठविलें. त्यापोटीं सात कोटींहून अधिक डॉलर देणें कबूल करावें लागलें. त्या वर्षीं संघानें सात सामने जिंकले व सहा गमावले होते. नवे प्रशिक्षक माइक एल्को यांच्या पहिल्या, म्हणजे २०२४ च्या, हंगामांत आठ जिंकले व पांच गमावले. म्हणजे इतक्या द्रव्याच्या बदल्यांत प्रथम वर्षीं एका सामन्याची वाढ! २०२५ च्या नियमित हंगामांत मात्र बारांपैकीं अकरा जिंकले, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

एका विद्यापीठावरून कांहीं सिद्ध होत नाहीं. म्हणून अॅडलर, बेरी व डोहर्टी या तिघां राज्यशास्त्रज्ञांनीं १९९७ ते २०१० पर्यंतच्या हंगामांचीं टांचणें एकत्र करून २०१३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ति साधी होती. ज्या संघांनीं प्रशिक्षक बदलला त्यांची तुलना त्यांनीं तितकीच वाईट कामगिरी असूनही ज्यांनीं प्रशिक्षक बदलला नाहीं, अशा संघांशीं केली. निष्कर्ष असा कीं, अगदीं तळाला गेलेल्या संघांत नवा माणूस आणल्यानें फारसा फरक पडत नाहीं. ते संघ बदल न करणाऱ्यांइतकेच वर येतात. आणि जे संघ मध्यम होते, फार वाईट नव्हते, त्यांनीं प्रशिक्षक काढला तर पुढलीं वर्षें उलट अधिक वाईट गेलीं. हॉलंडांतील साध्या फुटबॉलच्या व्यावसायिक संघांविषयीं बास टेर वेल यांनीं २०११ सालीं केलेला अभ्यासही जवळजवळ हेंच सांगतो.

यांतील मर्म समजावयास अमेरिकेस जावयास नको. लातूर पुरे आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें कोणी विसरलें नसेल. त्याच वर्षीं पावसाळा असा बरसला कीं, मांजरा धरण भरलें. आतां समजा, मध्यंतरीं जूनमध्यें एखादा नवा अधिकारी जिल्ह्यांत रुजू झाला असता, तर त्याच्या पायगुणाचे पोवाडे आजवर चालले असते! फार वाईट वर्षानंतरचें वर्ष बहुधा कमी वाईट असतें. फार चांगल्या वर्षानंतरचें बहुधा थोडें उणें असतें. फ्रॅन्सिस गाल्टन यांनीं १८८६ सालीं आईबापांची व त्यांच्या मुलांची उंची ताडून हा नियम मांडला. संघाची गत फार खालीं गेली कीं आपण प्रशिक्षक काढतों. पुढें तो आपोआप थोडा वर येतो, व त्याचें श्रेय नव्या माणसाच्या खात्यावर जमा होतें. लातूरच्या शिकवणीवर्गांच्या बाबतींतही हेंच चालतें. चाचणींत गुण घसरले कीं पालक वर्ग बदलतात, पुढच्या चाचणींत गुण वाढले कीं नव्या वर्गाची कीर्ति घरोघर सांगतात. मुलगा तोच, पुस्तक तेंच.

पण एवढ्यावर थांबून प्रशिक्षक म्हणजे शोभेचा पुतळा, असें म्हणावें तर तेंही खरें नव्हे. येथें मला आपल्या जवळच्या एका गृहस्थांची हकीकत सांगितलीच पाहिजे. चंद्रकांत पंडित हे भारताकडून पांच कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक. प्रशिक्षक म्हणून त्यांनीं मुंबईस २००२-०३ व २००३-०४ असे दोन रणजी करंडक मिळवून दिले, पुन्हां २०१५-१६ सालीं तिसरा. पुढल्या वर्षीं मुंबई अंतिम सामन्यांत गुजरातकडून हरली. उपविजेतेपद म्हणजे कांहीं नामुष्की नव्हे. तरी मुंबईनें प्रशिक्षक बदलला व समीर दिघे यांस नेमलें. पंडित नागपुरास विदर्भाकडे गेले. जो विदर्भ १९५७-५८ पासून रणजींत खेळूनही कधीं अंतिम सामन्याचें तोंड पाहूं शकला नव्हता, त्यानें २०१८ च्या १ जानेवारीस इंदूर येथें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव करून करंडक जिंकला. पुढल्या वर्षीं सौराष्ट्रास हरवून तो राखलाही. इकडे मुंबई २०१८-१९ व २०१९-२० या दोन्ही हंगामांत बाद फेरीपर्यंतही पोंचली नाहीं.

हें वाचून दादांनीं मांडीवर थाप मारली असती. परंतु आणखी पाहूं. पंडित २०२० सालीं मध्यप्रदेशाकडे गेले. बंगळूरच्या ज्या चिन्नस्वामी मैदानावर १९९८-९९ च्या अंतिम सामन्यांत ते स्वतः मध्यप्रदेशाचे कर्णधार असतांना कर्नाटकाकडून हरले होते, त्याच मैदानावर २०२२ च्या जूनमध्यें त्यांच्या शिष्यांनीं मुंबईस हरवून मध्यप्रदेशास त्याचा पहिला रणजी करंडक दिला. तेवीस वर्षें उराशीं बाळगलेला सल तेथें निघाला. मला वाटतें, क्रीडेच्या इतिहासांत इतका रेखीव न्याय क्वचित् मिळतो.

मग पुढें काय झालें? कोलकत्याच्या आय.पी.एल. संघानें त्यांस बोलाविलें. पहिल्या वर्षीं, २०२३ सालीं, संघ सातवा आला. २०२४ सालीं विजेता ठरला. २०२५ सालीं आठवा. मग उभयतांची फारकत झाली. तीन वर्षें, एकच प्रशिक्षक, नि क्रमांक सात, एक, आठ! त्यांची शिस्त, त्यांचा करारीपणा २०२४ च्या मेमध्यें होता नि २०२५ च्या मेमध्यें नाहींसा झाला, असें कोण म्हणेल?

विदर्भाचेंही असेंच. वसीम जाफर पंडितांच्या आधीं दोन वर्षें तेथें येऊन राहिला होता. रजनीश गुरबानी, फैज फजल हीं माणसें तेथलींच. जमीन नांगरलेली होती. पेरणीस हात मिळाला. आणि पंडित गेल्यावर विदर्भ ओसाड पडला नाहीं. उस्मान घनी यांच्या हाताखालीं २०२३-२४ सालीं तो अंतिम सामन्यांत गेला व २०२४-२५ सालीं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. मुंबईची कथाही पुरी करूं. पंडितांनंतरच्या फेरबदलांत अमोल मुझुमदार आले, त्यांनीं अंतिम फेरी गांठून दिली. मग ओंकार साळवी आले व २०२४ च्या मार्चमध्यें वानखेडेवर मुंबईनें याच विदर्भास हरवून बेचाळिसावा करंडक घेतला. आणि मुझुमदार, ज्यांस अकरा हजारांवर धावा करूनही भारताची कसोटी टोपी कधीं लाभली नाहीं, ते २०२३ च्या ऑक्टोबरांत भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघानें मधल्या पांच वर्षांत इतके प्रशिक्षक पाहिले होते कीं, मुलींस त्यांचीं नांवें पाठ करावीं लागत असतील. मुझुमदारांस दोन वर्षें स्वस्थपणें मिळालीं, व २०२५ च्या २ नोव्हेंबरास नवी मुंबईंत विश्वचषक आला.

फुटबॉलच हवें असेल तर गोव्याकडे पाहावें. डेम्पो संघ आरमांदो कोलासो यांच्या हातीं बारा-तेरा वर्षें होता. तेवढ्या काळांत त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें, शेवटचें २०११-१२ सालीं. २०१३ सालीं कोलासो गेले; ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापास आले; २०१४-१५ अखेर तोच डेम्पो खालच्या वर्गांत उतरला. प्रथमदर्शनीं वाटतें, गुरु गेला नि घर बसलें. परंतु २०११-१२ सालीं सर्वाधिक गोल करणारा रांटी मार्टिन्स कोलासोंच्याही आधीं, २०१२ सालींच, संघ सोडून गेला होता. आणि २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू होऊन पैसा, प्रेक्षक व खेळाडू तिकडे वळूं लागले होते. घराचे वासे एकेक करून निघत होते; दाराशीं उभा असलेला म्हातारा शेवटीं गेला एवढेंच. उलट साळगावकर संघानें करीम बेंचरिफा या मोरोक्कोच्या गृहस्थास आणलें व पहिल्याच, २०१०-११ च्या, हंगामांत अजिंक्यपद पटकावलें, हेंही याच गोव्यांत घडलें.

मुंबई सिटीचें उदाहरण मला सर्वांत बोलकें वाटतें. सर्जिओ लोबेरा यांनीं २०२०-२१ सालीं लीगचें अग्रस्थान व चषक दोन्ही जिंकलीं नि ते गेले. डेस बकिंगहॅम आले. पहिल्या वर्षीं संघ पांचवा. आमच्या संस्थेचें मंडळ असतें तर तेथेंच ठराव आला असता! चालकांनीं दम धरला, व २०२२-२३ सालीं बकिंगहॅम यांनीं अग्रस्थान परत आणलें.

हा सारा हिशेब मीं दादांस एका रविवारीं ओसरीवर बसून वाचून दाखविला. ते मध्येंच म्हणाले, “तुझ्या आंकड्यांतून काढूं कीं ठेवूं, तें निघत नाहीं.” मीं म्हटलें, “निघत नाहींच. पण मंडळानें विचारावयाचे प्रश्न निघतात.” ते प्रश्न त्यांनीं एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले. अंतिम फेरींत गेलेल्या संघांतील किती मुलें पुढल्या वर्षीं उरलीं होतीं? सराव किती दिवस झाला? मैदान किती दिवस मिळालें? नवा माणूस आणावयाचा तर तो कोण, कीं नुसता जुना काढावयाचा?

सभेंतून दादा रात्रीं साडेदहास परतले. अंतिम सामना खेळलेल्या अकरांपैकीं आठजण त्याच वर्षीं पदवी घेऊन निघून गेले होते, ही गोष्ट मंडळांत कोणाच्याच ध्यानांत नव्हती. पावसाळ्यानंतर दीड महिना मैदान एका समारंभाच्या मांडवासाठीं दिलें होतें, व त्या परवानगीवर पहिली सही दादांचीच होती. तें सांगतांना त्यांचा आवाज जरा खालीं आला. नव्या माणसाचें नांव तर कोणाच्याच खिशांत नव्हतें. मतें घेतलीं तेव्हां प्रशिक्षकांस दोन वर्षांची मुदत एका मतानें मिळाली. तें मत वहिनींचें, असें दादा म्हणतात. वहिनी मंडळावर नाहींत.

येत्या सामन्यांत संघ पुन्हां पहिल्याच फेरींत हरेल, हें मला अगदीं शक्य दिसतें. मीं तसें दादांस बजावूनही ठेविलें आहे. काल सायंकाळीं पुतण्या चिखलानें माखून आला. मांडवाचे खांब काढल्यावर मैदानांत खड्डे राहिले होते. मुलें व प्रशिक्षक मिळून मुरूम टाकून ते बुजवीत होते. मातोश्रींनीं त्याला ओट्यावरच उभा केला व मागील दारानें न्हाणीघरांत जाण्याची आज्ञा केली.