फेटलिंग विभागाला माणसे ओळखणारा कायमचा गटप्रमुख मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक यांच्या सेवेशी,
कुपवाड औद्योगिक वसाहत, कुपवाड, जि. सांगली.

संदर्भ : यापूर्वी दिलेले अर्ज व त्यांवर वेळोवेळी मिळालेली तोंडी आश्वासने

महोदय,

आम्ही फेटलिंग विभागातील कामगार जुन्याच विषयावर आपणास पुन्हा लिहीत आहोत. पहिला अर्ज आमचे गटप्रमुख आण्णा निवृत्त झाले त्याच महिन्यात दिला होता. त्याची पोहोच आमच्याकडे आहे, उत्तर नाही. खंडेनवमीला यंत्रपूजन झाल्यावर आपण स्वतः सगळ्यांसमोर म्हणालात की, दिवाळीनंतर विभागातलाच जाणता माणूस गटप्रमुख नेमतो. दिवाळी झाली. संक्रांतीला विचारले, तेव्हा मार्चअखेरची कामे उरकू द्या, असे कार्यालयातून सांगण्यात आले. आता आषाढ लागला आहे.

मध्यंतरी, विभाग एवढासा, त्याला स्वतंत्र माणूस कशाला, असेही आमच्या कानावर आले. विभाग लहान आहे म्हणूनच माणूस हवा. मोठ्या खात्यात एखादा आजारी पडला तर कळतही नाही. आमच्याकडे एकजण कमी झाला की त्याचे ओझे त्याच पाळीत बाकीच्यांच्या पाठीवर येते.

आण्णा पाळी सुरू होण्याआधी फळ्याजवळ पाच मिनिटे उभे राहत आणि प्रत्येकाकडे बघून काम वाटत. ज्याची कंबर धरली आहे त्याला स्विंग फ्रेम ग्राइंडर देत नसत. कुणाचा उपवास, कुणाचे मूल मिरजेच्या दवाखान्यात, कुणाची रात्र जागरणात गेली, हे त्यांना ठाऊक असे आणि त्याप्रमाणे जड कास्टिंग कुणापुढे ठेवायचे ते ठरे. माल परत आला तर आधी ग्राइंडरचे चाक, मग उजेड आणि शेवटी माणूस तपासायचा, अशी त्यांची रीत होती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. पाणी चढू लागल्याचे कळताच त्यांनी सांगलीवाडी आणि हरिपूरच्या साथीदारांना हातातले काम ठेवून घरी पाठवले आणि बामणोली, सावळी, कानडवाडीच्या आम्हा लोकांना त्यांच्या जागी उभे केले. पाणी ओसरल्यावर त्याच साथीदारांनी आपणहून जादा पाळ्या करून अडलेला माल पुरा केला. त्यांना कुणी तसे सांगितले नव्हते.

आज काय चालले आहे ते आपणास माहीत असावे, कारण मागील अर्जात तेही लिहिले होते. दर थोड्या दिवसांनी नवा सुपरवायझर येतो. मोल्डिंगकडून येतो, डिस्पॅचकडून येतो, एकदा तर स्टोअरमधून आला. आमची नावे पाठ होईपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो. पाळीतला बदल रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर कळतो. ज्याने निजण्यापूर्वी मोबाइल पाहिला नाही, त्याची सकाळी गेटवर गैरहजेरी लागते. माणूस समोर उभा आहे, हातात डबा आहे आणि हजेरीपत्रकात तो गैरहजर आहे.

याच कारभारात अपघात झाला. आमच्या एका साथीदाराला चक्कर येण्याचा त्रास आहे, हे विभागात सर्वांना ठाऊक आहे. नव्या सुपरवायझरला ते माहीत नव्हते आणि त्याने विचारलेही नाही. माणूस कमी पडला म्हणून रात्रपाळी करून निघालेल्या या साथीदाराला त्याने सकाळच्या पाळीलाही थांबवून घेतले. पंपाची बॉडी उलटवताना ती घसरली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे चेंगरली. पुढचे तर आम्हाला आजही सहन होत नाही. आमच्यात एकाच नावाचे दोघेजण आहेत, आडनावे वेगळी. अपघाताच्या नोंदीत सुपरवायझरने दुसऱ्याचेच आडनाव लिहिले. फोन दुसऱ्याच्या घरी गेला आणि त्याची आई रडत गेटवर आली. ज्याची बोटे चेंगरली त्याच्या घरी दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. नावाच्या घोळात त्याचे ईएसआयचे कागद अडकले आणि हात गळ्यात बांधून तो दुरुस्तीसाठी कार्यालयात खेटे घालत राहिला. चूक दुरुस्त करून देऊ, हे आश्वासनही पाळायला दुसरा महिना उजाडला. सलग पाळ्या आणि अपघात यांविषयीचे नियम आपणास आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, ते येथे लिहीत नाही.

आम्ही परदेशातली उदाहरणे देत नाही, आपल्याच जिल्ह्यातली देतो. 1910 साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि शिक्षा भोगून आलेल्यांना तिथे रखवालदार नेमले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने 1939 साली कैद्यांची खुली वसाहत वसवली. 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला, हे सर्वांना माहीत आहे. मूठभर माणसे, त्यांना नावाने ओळखणारा एकजण आणि विश्वास, एवढ्यावर तो प्रयोग उभा राहिला. जे कैद्यांच्या बाबतीत जमले, ते वर्षानुवर्षे इमानाने कास्टिंग घासणाऱ्यांच्या बाबतीत का जमू नये?

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, विभागात निदान काही वर्षे काम केलेल्या माणसाला कायमचा गटप्रमुख नेमावे आणि नेमण्यापूर्वी विभागाला विचारावे. काम वाटण्याचा आणि आजाऱ्याला जड कामावरून हटवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा. त्यासाठी त्याला वर विचारत बसावे लागू नये. पाळीपूर्वीची पाच मिनिटे पगारी धरावीत. पाळीतला बदल आदल्या दिवशी काम सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहावा. जखमी साथीदाराला बरे वाटल्यावर झेपेल असे काम द्यावे आणि त्याचा पगार कमी करू नये.

इतर मागण्या पूर्वीच्याच आहेत : धूळ ओढणारा बंद पंखा सुरू करावा, हातमोजे फाटल्यावर लगेच बदलून मिळावेत, पिण्याच्या पाण्याची टाकी धुवावी.

आम्ही काम बंद पाडलेले नाही, ऑर्डरी अडवलेल्या नाहीत आणि तसा विचारही नाही. पण तोंडी आश्वासन आता आम्ही स्वीकारणार नाही. गणेश चतुर्थीपूर्वी नेमणुकीचा निर्णय करून तो लेखी कळवावा आणि त्याआधी एकदा आपण स्वतः पाळी सुरू होताना आमच्या विभागात येऊन सर्वांशी बोलावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
फेटलिंग विभागातील सर्व कामगार
(सह्या सोबत जोडल्या आहेत)