फजितीचाही हक्क हवा

"कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?"

डोंगरात चक्कर येऊन बसले होते, असं मी फिनिक्सहून पुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य. त्यात काळजी होती हे मला कळत होतं. पण आदल्याच महिन्यात आमच्या ओळखीतले एक गृहस्थ इथल्या एका कोरड्या ओढ्यात वाट चुकले होते. पाणी संपलं, मोबाइल बंद पडायच्या आत कसाबसा फोन लागला आणि बचाव पथकाने त्यांना बाहेर काढलं. तो प्रसंग त्यांनी पुढे तीन जेवणांत रंगवून सांगितला. लोक हसले, पाठीवर थापा मारल्या. 'नसते उद्योग' हा शब्द कुणी काढला नाही. पुरुषाची फजिती म्हणजे किस्सा. बाईची फजिती मात्र तिने घरी का बसावं याचा पुरावा! ह्या हिशेबाबद्दलच मला आज लिहायचं आहे.

गेली अकरा वर्षं मी अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, ॲरिझोना राज्यात राहते. इथल्या सोनोरन वाळवंटात आपल्या मनात असतात तशा वाळूच्या टेकड्या फारशा नाहीत. दगड, काटेरी झुडपं, एप्रिलमध्ये पिवळ्या फुलांनी भरून जाणारी पालो व्हर्देची झाडं आणि माणसाच्या कितीतरी पट उंच सग्वारो निवडुंग. सग्वारोला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. ह्या वाळवंटात आम्ही सहा-सात बायका दर रविवारी पायी भटकतो. आमच्यात एक निवृत्त परिचारिका आहे, दोन शिक्षिका आहेत, मेक्सिकन वंशाची एक आजी आहे आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नसल्याने घरात कोंडल्यासारखी झालेली एक तेलुगू मुलगी आहे.

त्या रविवारी आम्ही सुपरस्टिशन डोंगरातल्या पेराल्टा वाटेने फ्रेमाँट खिंडीपर्यंत गेलो. जाऊन-येऊन सुमारे आठ किलोमीटर. सह्याद्रीत हिंडलेल्या बाईला ही चाल काही फार नाही. पण निघायला उशीर झाला आणि तो माझ्यामुळे. घरच्यांचा नाश्ता, दुपारची भाजी-पोळी सगळं उरकून मी निघाले होते. सगळ्याजणी माझ्यासाठी ताटकळल्या आणि वाटेला लागेपर्यंत नऊ वाजले.

उतरताना डोकं ठणकायला लागलं. मळमळायला लागलं. पायाखालचा दगड एकाचे दोन दिसू लागला. मी खाली बसायला गेले ती नेमकी चोया नावाच्या निवडुंगाला खेटून. ह्या चोयाचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात. मी हाताने ओढायला जाणार, तेवढ्यात परिचारिकेने माझा हात धरला. हाताने ओढलं की तोच गोळा हातात रुततो. तिने पिशवीतून साधा कंगवा काढला, गोळ्याच्या आणि माझ्या मांडीच्या मध्ये घातला आणि एका झटक्यात गोळा उडवला. इथे भटकणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत कंगवा असतो, तो केसांसाठी नव्हे!

मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "लघवीला शेवटची कधी गेली होतीस?"

शेजारून कॉलेजमधली मुलं चालली होती. मी शरमेने मेले. हळूच म्हटलं, "सकाळी, घरी." माझ्या पाठीवर दोन लिटर पाणी होतं. त्यातलं दीड लिटर तसंच होतं.

मी पाणी का प्यायले नव्हते? कारण वाटेत संडास नव्हता, झुडपं कंबरेएवढी होती आणि येणारे-जाणारे पुष्कळ होते. म्हणून मी माझ्याही नकळत तेच केलं, जे शाळेत केलं, कॉलेजात केलं, एस.टी.च्या प्रत्येक प्रवासात केलं. बाहेर पडायचं म्हणजे पाणी प्यायचं नाही. इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत सुकतो. मुंबईत कपडे ओले होतात तेव्हा कळतं तरी. इथे शरीर रिकामं होत जातं आणि पत्ता लागत नाही.

त्यांनी मला एका खडकाच्या सावलीत बसवलं. मानेवर ओला रुमाल, घोट-घोट पाणी, बरोबर खारे दाणे. अर्ध्या तासाने मी उठले आणि हळूहळू उतरले. दवाखान्यात जावं लागलं नाही, कारण वेळेवर तो प्रश्न विचारणारी बाई बरोबर होती.

हा प्रश्न मी मावशीला फोनवर सांगितला तेव्हा ती गप्प झाली. मग म्हणाली, "सातारा-पुणे एस.टी. केली मी नोकरीपायी, कित्येक वर्षं. घोटभर पाणी प्यायले नाही कधी वाटेत." तिचा तो मूत्रमार्गाचा जुनाट आजार आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. 'नसते उद्योग' न करताच तो तिला जडला होता. मुंबईत २०११ पासून महिला संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. तेव्हा तिच्या नावाला हसणारे होते. वाळवंटाने मला शिकवलं की ह्यात हसण्यासारखं काही नाही. त्या दिवशी मला धोका उन्हाचा होता तितकाच माझ्या अंगात मुरलेल्या लाजेचाही होता.

आपल्याला लहानपणापासून सुरक्षितता म्हणून जे शिकवलं जातं ते काय असतं? जाऊ नको, एकटी फिरू नको, उशीर करू नको. ही बंदी आहे. तिच्यातून ज्ञान एका शब्दाचं मिळत नाही. वाळवंटातली सुरक्षितता वेगळी असते. पहाटे निघा. तासाला अर्धा ते एक लिटर पाणी प्या, पण बरोबर खारट काहीतरी खा, कारण नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ घटून तेही जिवावर बेततं. आडोशाला जायचं तर पाण्यापासून साठ मीटर दूर जा आणि कागद, पॅड पिशवीत घालून परत आणा. कुठे जातोय ते कुणाला तरी सांगून ठेवा. पावसाळ्यात अरुंद घळीत शिरण्याआधी दूरवरच्या डोंगरावरचं आभाळ पाहा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी नावाहो लोकांच्या भूमीतल्या अँटिलोप घळीत अचानक लोंढा आला आणि अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक किलोमीटर दूर. ह्या सगळ्या सूचना 'कसं जायचं' ते सांगतात. 'जाऊ नको' ही सूचना काहीच सांगत नाही.

आणि ही बंदी जुनी आहे. १९२८ साली ग्लेन आणि बेसी हाइड हे नवपरिणित जोडपं ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर होडी घेऊन गेलं आणि बेपत्ता झालं. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मिशिगन विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ एल्झाडा क्लोव्हर आणि लॉइस जॉटर त्याच नदीवर निघाल्या तेव्हा ही बायकांची जागा नव्हे, असं पुष्कळांचं मत पडलं. बेसीबरोबर तिचा नवराही गेला होता. पण त्यावरून पुरुषांनी नदीवर जाऊ नये असं कुणी म्हटल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही! ह्या दोघी गेल्या, सुमारे सहा आठवड्यांनी सुखरूप बाहेर आल्या आणि त्या दरीतल्या वनस्पतींची नोंद त्यांनी शास्त्राला दिली. होडीवरचा स्वयंपाकही बहुतेक त्यांच्याच गळ्यात होता. हे वाचताना मला माझी सकाळची भाजी-पोळी आठवली.

बाईचं डोंगराशी असलेलं नातं नावांतही दिसतं. फिनिक्स शहराच्या मधोमध एक शिखर आहे. त्याच्या नावात कित्येक दशकं 'स्क्वॉ' हा शब्द होता. आदिवासी स्त्रीला हिणवण्यासाठी गोऱ्या लोकांनी वापरलेला हा शब्द. २००३ मध्ये राज्याने त्या शिखराला लॉरी पायेस्टवा ह्या होपी स्त्रीचं नाव दिलं. ती दोन मुलांची आई होती आणि त्याच वर्षी इराकमध्ये सैनिक म्हणून मारली गेली. त्या युद्धाबद्दल माझं मत प्रतिकूलच आहे. तरीही शिवी जाऊन तिथे एका आदिवासी बाईचं नाव लागलं ह्याचं मोल मी कमी मानत नाही. पुढे अमेरिकेच्या पहिल्या आदिवासी मंत्री डेब हालंड यांच्या कारकिर्दीत, २०२२ मध्ये, देशभरातल्या सुमारे साडेसहाशे ठिकाणांच्या नावांतून तो शब्द काढला गेला.

आता एक आक्षेप मला दिसतो आहे. मैत्रिणी म्हणतील, हे सगळं पोट भरलेल्या बायकांचं खूळ. डोंगर चढायला रविवार मोकळा लागतो, गाडी लागते. आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. त्यातली जवळजवळ निम्मी बेघर होती. घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे चालू स्थितीतलं थंड हवेचं यंत्र नव्हतं. उन्हात जाणं हे काहींसाठी साहस असतं आणि काहींना दुसरा इलाजच नसतो. हा फरक विसरून केलेलं भटकणं मला नको आहे.

पण साहस फक्त पैसेवाल्यांचं असतं हेही मला मान्य नाही. ह्या वाळवंटाचे मूळ रहिवासी तोहोनो ओडम. भर जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, त्यांच्या बायका पहाटे लांब काठ्या घेऊन सग्वारोची फळं पाडायला जातात. त्या फळांचा पाक होतो आणि पाऊस मागण्याच्या विधीसाठी त्याचं मद्य होतं. त्या ह्याला 'ट्रेल' म्हणत नाहीत आणि साहसही म्हणत नाहीत. आपल्याकडे डोंगरात मोळी आणणाऱ्या कातकरी, ठाकर बायका काय म्हणतात? वाट त्यांना पाठ असते, पण त्यांच्या माहितीला कुणी ज्ञान म्हणत नाही आणि त्यांच्या फजितीचा किस्सा कुणी ऐकत नाही. तेव्हा प्रश्न केवळ माझ्या रविवारचा नाही. कुणाच्या बाहेर पडण्याला किंमत द्यायची, हा प्रश्न आहे.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' ह्या पुस्तकात मुंबईच्या रस्त्यांविषयी म्हटलं की बायकांना धोका पत्करण्याचाही हक्क हवा. मी त्यात एवढीच भर घालते: धोका पत्करल्यावर कधीतरी फजिती होणार. ती झाली तर 'कशाला गेलीस?' ऐवजी 'पुढच्या वेळी काय करशील?' असं विचारणारी माणसं हवीत.

म्हणून संघटनांतल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. आपल्या शिबिरांत चर्चा पुष्कळ होते. त्यातला एक अर्धा दिवस चालण्यासाठी काढा, गावाजवळच्या टेकडीवर का होईना. वाट दाखवायला तिथलीच लाकूडफाटा आणणारी बाई घ्या आणि तिला तिचं मानधन द्या. निघताना सगळ्यांदेखत, मोठ्याने पाणी आणि लघवी यांविषयी बोला. परत आल्यावर प्रत्येकीने आपली एक फजिती सांगावी आणि कुणीही तिला उपदेश करू नये.

आम्ही आता पहाटे पाचला निघतो. घरचा नाश्ता घरचेच करून घेतात. पहिल्या रविवारी पोहे करपले होते. त्याचा किस्सा मात्र घरात कुणी अजून रंगवून सांगितलेला नाही.