बिरवाडीत पावसाला सेन्सर कशाला?

सुरुवातीलाच सांगून टाकतो: कोकणात लॉनच्या स्प्रिंकलरला रेन सेन्सर लावणं हा शुद्ध येडेपणा आहे. आणि हे मी कोणी गॅजेटद्वेष्टा म्हणून लिहीत नाहीये. सेन्सर म्हटला की मलाही गुदगुल्या होतात. पण गेल्या दोन वर्षांत पुण्याहून वरंधा घाट उतरून बिरवाडीच्या आसपासच्या ओळखीच्या तीन बंगल्यांवर हे प्रकरण बघायला गेलोय, आणि आता राहवत नाही.

(मी का गेलो? अहो, 'तू आयटीत आहेस ना, जरा बघ की' या वाक्यातून आजवर कोण सुटलाय? प्रिंटर, गीझर, काकांचा मोबाईल आणि आता हे.)

आधी यंत्राला न्याय देऊ. छोटीशी डबी असते, आत बुचासारख्या चकत्या. पाऊस पडला की चकत्या फुगतात, एक बारीक स्विच दाबला जातो आणि व्हॉल्व्हला जाणारा 24 व्होल्टचा पुरवठा तुटतो. टायमर बिचारा आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालूच असतो, फक्त पाणी सुटत नाही. चकत्या वाळल्या की सर्किट पुन्हा जुळतं. टोपी फिरवून 3 ते 25 मिलिमीटरपैकी किती पावसाला बंद व्हायचं ते ठरवता येतं. मला तर हे डिझाईन जाम आवडतं. ना बॅटरी, ना वायफाय, ना ॲप.

आता बंगले. पहिल्या ठिकाणी डबी पोर्चच्या पत्र्याखाली लावलेली. का, तर 'पावसाने खराब होईल म्हणून'! रेन सेन्सरला पावसापासून जपणाऱ्या त्या फिटरला माझा दंडवत. दुसऱ्या ठिकाणी जागा बरोबर, पण टायमरवर सेन्सरच्या दोन टर्मिनलांमध्ये कारखान्यातून येणारा तारेचा तुकडा तसाच राहिलेला. तो काढला नाही तर सेन्सर छपरावर नुसता शोभेला. धो धो पावसात कारंजी चालू. हे तपासायला मल्टिमीटर पुरे. दोन्ही वायरी टर्मिनलवरून सोडवा, कंटिन्युइटी लावा. कोरडा असताना बीप यायला हवी आणि वरची पिन बोटाने दाबली की थांबायला हवी. थांबली तर सेन्सर ठीक, गडबड वायरिंगमध्ये. तिसऱ्या ठिकाणी सगळं बरोबर होतं, पण लाईट गेली की टायमरचं घड्याळ पुसलं जायचं. बॅकअपची बॅटरी कुणी घातलीच नव्हती. लाईट आली की साहेब मनाला येईल त्या वेळी पाणी सोडणार.

हे सगळं दुरुस्त होतं हो. माझं भांडण दुरुस्तीशी नाहीच. तिन्ही ठिकाणी सगळं नीट चाललं तरी उपयोग काय, हा माझा प्रश्न आहे.

हे यंत्र जिथे वाढलं तिथे पाऊस लहरी असतो. आज सर, मग चार दिवस ऊन, मग पुन्हा सर. फ्लोरिडाने 1991 मध्ये नव्या ऑटोमॅटिक स्प्रिंकलरला असं काहीतरी बसवणं कायद्यानेच सक्तीचं केलं, आणि तिथे ते शहाणपणाचंच आहे. आपल्याकडे? महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. सेन्सरची कमाल मर्यादा 25 मिलिमीटर, इथे जुलैत तेवढा एखाद्या तासात कोसळतो. चकत्या जूनमध्ये फुगल्या की वाळायचं नावच घेत नाहीत, वर शेवाळ चढतं ते वेगळं. म्हणजे वर्षातून दोनदा दाबायचं बटण आपण आयात करून छपरावर चढवलंय. ते काम भिंतीवरचं कॅलेंडर करतं, फुकट. मधे एखादा वळीव, ऑक्टोबरातल्या एकदोन गडगडाटी सरी, एवढीच काय ती सेन्सरची कमाई.

'अरे, पण तेवढं तरी पाणी वाचतं ना!' हा युक्तिवाद मला तिन्ही बंगल्यांवर ऐकवला गेला. माझा खरा राग इथे आहे. सेन्सर लावला की मन साफ होतं. आपण पाणी जपणारे, पर्यावरणवाले. आणि मग बाकीचे आठ महिने बोअरवेल बिनधास्त चालू.

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाच गुंठे लॉन म्हणजे साधारण 506 चौरस मीटर. एप्रिल-मे मध्ये रोज 5 मिलिमीटर दिलं तर अडीच हजार लिटर. जलजीवन मिशनचं माप आहे माणशी रोज 55 लिटर. म्हणजे सेहेचाळीस माणसांचं पाणी, रोज, गवताला. आणि नेमक्या याच महिन्यांत महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. एवढा पाऊस पडून! उताराची कातळ जमीन, पाणी सावित्रीत आणि तिथून थेट समुद्रात. ज्या महाडात 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच तालुक्यात पाणी कुणाला आधी हा प्रश्न आपण टायमरवर सोडून दिलाय. 'बोअर माझ्या प्लॉटमध्ये आहे' हे उत्तर मला पटत नाही. प्लॉटची हद्द सातबाऱ्यावर असते, खडकातल्या पाण्याला ती ठाऊक नसते.

सेन्सरची हौसच असेल तर मोजणारा लावा ना! टिपिंग बकेटचं पर्जन्यमापक घ्या. आत छोटा झुला असतो, ठरावीक पाणी भरलं की कलंडतो आणि एक पल्स देतो. पल्स मोजा, पाऊस कळला. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली. घाटमाथ्यावर आणि खालच्या गावात तासाला किती पाऊस पडतोय हा आकडा इथे जिवाचा आहे. वीकेंडला कोड लिहायची खाज आहे ना आपल्याला? मग ही डबी शाळेच्या गच्चीवर लावा, आकडा गावच्या ग्रुपवर टाका.

असो. तिन्ही बंगलेवाल्यांना मी एकच सांगितलं: लॉन पाचाचं अर्ध्या गुंठ्यावर आणा, बाकी जागेत आंबा, काजू, कोकम लावा, पहिली दोन-तीन वर्षं ठिबकवर जगवा, आणि जून लागला की टायमरचा प्लग काढून ठेवा. दोघे गप्प बसले. तिसऱ्याने विचारलं, 'पण मग मे मध्ये लॉन पिवळं पडेल ना रे?'

पडेल की. हरळी असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आपसूक हिरवी होईल.